भोपळ्यातला दिवा, आकाशातला कंदील

३१ ऑक्टोबर २०२४. पहाटे घरोघरी उटणं लावून अभ्यंगस्नानं झाली, कारण नरकचतुर्दशी होती. दुपारी चारच्या सुमारास अमावास्या लागली आणि संध्याकाळी गुलमंडीपासून सिडकोपर्यंत अख्खं छत्रपती संभाजीनगर पणत्यांनी उजळलं. त्याच दिवशी आयर्लंडपासून अमेरिकेपर्यंत मुलं तोंडं रंगवून, सांगाड्यांचे आणि चेटकिणींचे कपडे घालून दारोदार फिरली. तिथे हॅलोविन होतं. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, आपलं लक्ष्मीपूजन आणि ख्रिस्ती पंचांगातला सर्व संतांचा दिवस. तिसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, इकडे पाताळातून वर येणाऱ्या बळीराजाचा पाडवा आणि तिकडे सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस.

असा योग दरवर्षी जुळत नाही. हॅलोविनची तारीख ठरलेली, आपली चतुर्दशी मात्र चंद्रावर चालते. तरी दोन्ही सण दरवर्षी एकमेकांच्या आसपासच घुटमळतात. आता आपल्या शहरांतल्या कॅफेत, काही सोसायट्यांत, मुलांच्या वाढदिवसांतही ऑक्टोबरच्या शेवटी नारिंगी भोपळे आणि कागदी वटवाघळं दिसू लागली आहेत. ते पाहून कुणी सुखावतं, कुणी रागावतं. मला मात्र त्यातून एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. शरदात गेलेल्या माणसांना घरी बोलावणं, त्यांना जेवू घालणं, भीतीला दिवा दाखवणं हे आपल्याला अजिबात नवं नाही. आपल्याकडे हा सण एका रात्रीचा नसून भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कार्तिकाच्या बीजेपर्यंत पसरलेला आहे. तो आपल्याला सलग दिसत नाही, एवढंच.

आयर्लंडचा सलगम

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गेलिक लोकांत ऑक्टोबर संपता संपता एक सण होई. त्याच्या नावाचा उच्चार साधारण ‘साविन’ असा होतो. उन्हाळी कुरणांवर सोडलेली जनावरं या वेळी गावात परत आणत, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत ती मारून मांस साठवत आणि मोठ्या होळ्या पेटवत. उजेडाचा अर्धा भाग संपून अंधाराचा अर्धा भाग सुरू होण्याचा हा सांधा होता. जुन्या आयरिश कथांत या रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि पलीकडच्या जगातली माणसं इकडे येतात.

पुढे चर्चचा सण याच दिवसांत आला. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे प्रार्थनास्थळ अर्पण केलं. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पश्चिम युरोपात रुळला. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. ‘हॅलोविन’ या शब्दाचा अर्थही तेवढाच साधा आहे: सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. मध्ययुगात गरीब माणसं या दिवसांत दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचं कबूल करत आणि बदल्यात छोटी गोड पोळी घेत. आजच्या मुलांच्या हातातल्या चॉकलेटच्या पिशवीला ही अशी जुनी आजी आहे.

दिवा मात्र भोपळ्यात नव्हता, सलगमात होता. आयरिश लोककथेतला जॅक सैतानाला फसवतो. मेल्यावर त्याला स्वर्ग घेत नाही आणि नरकही घेत नाही. मग पोखरलेल्या सलगमात निखारा ठेवून तो काळोखात कायमचा भटकत राहतो. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली. तिथे सलगमापेक्षा मोठा आणि पोखरायला सोपा भोपळा हाताशी होता. दिव्याचं घर बदललं, गोष्ट तीच राहिली.

तोच भोपळा, आपल्या ताटात

आता थोडं आपल्या स्वयंपाकघरात यावं. पितृपक्ष लागला की जाधववाडीच्या भाजीबाजारात गवार, कारली आणि लाल भोपळा यांना एकदम मागणी येते. तांदळाची खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी आणि लाल भोपळ्याची भाजी. घराघरांत एखादा पदार्थ इकडेतिकडे होईल, पण भोपळा सहसा चुकत नाही.

हा लाल भोपळा मुळात आपला नव्हे. तो आणि हॅलोविनचा नारिंगी भोपळा एकाच गणातले आहेत आणि दोघांचंही मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसानं भोपळा लागवडीत आणला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजं समुद्र ओलांडू लागल्यानंतर तो आपल्याकडे पोहोचला. कोहळा मात्र आशियातलाच, पूर्वापार आपल्या दारावर टांगलेला. म्हणजे अमेरिकेच्या मातीतलं एक फळ तिथल्या आयरिश पोरांनी मृतांच्या रात्रीचा कंदील केलं आणि मराठवाड्यातल्या आज्यांनी मृतांच्या ताटातली भाजी केलं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. शरदात तयार होणारं, महिनोन्‌महिने टिकणारं, पोटात मावणार नाही एवढं मोठं फळ समोर असेल तर माणसाला गेलेल्यांची आठवण होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पंधरा दिवसांचे पाहुणे

भाद्रपदाचा कृष्ण पक्ष म्हणजे महालय. बोलीभाषेत त्याचा ‘म्हाळ’ झाला. ज्या तिथीला माणूस गेलं, त्या तिथीला त्याचा म्हाळ. सवाष्णपणी गेलेल्या बायांसाठी अविधवा नवमी. शस्त्रानं, अपघातानं गेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही, ज्यांचं नावही आता कुणाच्या तोंडी नाही, त्या सगळ्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. विसरल्या गेलेल्यांसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवणं हे मला या पंधरवड्यातलं सगळ्यात मोठं मन वाटतं.

हे दिवस याच वेळी का? २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र सारखी होते. त्यानंतर सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला उतरतो आणि रात्र मोठी होत जाते. दक्षिण ही आपल्याकडे यमाची दिशा. शेतातही तोच सांधा असतो. मूग-उडीद घरात आलेले असतात, बाजरी कापणीला येते, कपाशीची बोंडं फुटायला लागतात, रब्बीच्या ज्वारीसाठी रान तयार होत असतं. हातात नवं धान्य आहे आणि समोर अंधाराचे महिने आहेत. आयर्लंडच्या गुराख्याची आणि आपल्या कुणब्याची स्थिती इथे सारखीच. धान्य घरात आलं की ज्यांनी ही जमीन आधी कसली त्यांना आधी वाढायचं, मग आपण जेवायचं.

मग गच्चीवर घास ठेवायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. आमच्या घरी या वाट पाहण्याच्या वेळेत घरातलं सगळ्यात खरं बोलणं होई. ‘आजोबांना गरम वडा आवडायचा, निवू देऊ नका.’ ‘त्यांच्या मनात काही राहिलं असेल का रे?’ कावळा येईपर्यंत गेलेला माणूस घरात हजर असे. कावळा शिवला की सगळे मोकळे होऊन पानावर बसत. दुःखाला इतका साधा, इतका खाण्याजोगा आकार देणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

संभाजीनगरची कितीतरी कुटुंबं या विधींसाठी कायगाव टोक्याला जातात, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते. कितीतरी जण पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला, गोदावरीच्या घाटांवर जातात. पैठणच्या मातीत तर पितरांच्या दोन कथा रुजलेल्या आहेत. एका कथेत ज्ञानेश्वरांनी श्राद्धाच्या पानांवर पितरांना प्रत्यक्ष आणून बसवलं. दुसरी एकनाथांची, महिपतींनी संतचरित्रात सांगितलेली. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. रस्त्यानं जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका भुकेल्या कुटुंबाला त्याचा वास आला. लेकरानं खायला मागितलं. नाथांनी त्यांना आत बोलावून श्राद्धाचंच अन्न पोटभर वाढलं. ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला, पंगत रिकामी राहिली. तेव्हा नाथांचे पितर स्वतः येऊन पानावर बसले. कथेचा निकाल स्वच्छ आहे. जिवंत भुकेल्याला वाढल्याशिवाय मेलेल्याला पोहोचत नाही.

वेरूळचे सांगाडे

हॅलोविनचे प्लास्टिकचे सांगाडे पाहून आपल्याकडे असलं काही नव्हतं असं वाटत असेल, तर संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवर वेरूळला जावं. एकविसाव्या लेण्यात, रामेश्वर लेण्यात, सप्तमातृका ओळीनं बसल्या आहेत. मांडीवर, शेजारी लेकरं आहेत. आणि त्याच दालनात काल आणि काली यांचे सांगाडे आहेत, बरगडी न्‌ बरगडी मोजून घ्यावी असे. आई आणि मरण एकाच खोलीत.

पंधराव्या लेण्यात, दशावतारात, भैरवानं अंधकासुराला शूलावर घेतलं आहे. अंधकाचं रक्त जमिनीवर सांडलं की प्रत्येक थेंबातून नवा अंधक उभा राहतो. म्हणून खाली हाडांचा सापळा झालेली देवी वाडगा पुढे धरून थेंब झेलते आहे. ‘अंधक’ म्हणजे आंधळा. आंधळेपणा मारून संपत नाही, सांडेल तिथे पुन्हा उगवतो, तो झेलूनच संपवावा लागतो, हे बाराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटानं बेसाल्टात कोरून ठेवलं. त्याच लेण्यात मार्कंडेयाच्या गळ्यात पाश टाकायला आलेला यम आहे आणि लिंगातून निघून त्याला अडवणारा शिवही आहे. हे सगळं पाहायला लोक मुलांना घेऊन जातात. मुलं घाबरतात, पुन्हा पुन्हा पाहतात, आणि घरी येऊन रात्री त्यावर प्रश्न विचारतात. भयाचा असा उपयोग आपल्या पूर्वजांना नीट कळला होता.

भूत म्हणजे होऊन गेलेलं

‘भूत’ या शब्दाकडे जरा थांबून पाहावं. संस्कृतात भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. म्हणूनच व्याकरणात भूतकाळ आहे. जो काळ संपला पण मनातून जात नाही, त्याचंच नाव आपण भीतीला दिलं.

आपली भुतं बारकाईनं पाहिली तर प्रत्येकाच्या मागे एक अर्धवट राहिलेलं आयुष्य दिसतं. मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी गेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पैशात किंवा जमिनीत जीव गुंतलेला समंध होतो. विद्या असून ती न देता मेलेला ब्रह्मराक्षस. चकवा तर रात्रीची वाट चुकणंच आहे, त्याला फक्त नाव दिलं. ज्या काळात बाळंतपणात बाया भराभर मरत आणि पोरं ताप येऊन जात, त्या काळाचं दुःख या नावांत साठलेलं आहे. भुतांची यादी ही एका समाजाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांची यादी असते.

एकनाथांनी हेही उलटं करून दाखवलं. त्यांच्या भुताच्या भारुडात झपाटणारं भूत म्हणजे सगळीकडे भरून उरलेला देवच. देवऋषी, लिंबू, उतारा कशानंही ते उतरत नाही. गावकऱ्यांच्या ओळखीच्या भयाचा धागा धरून नाथ त्यांना भक्तीपर्यंत नेतात.

दिवाळीतला यम

आता दिवाळी पाहू. सगळ्यात उजळ सण म्हणून आपण ती ओळखतो, पण तिच्यात धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत यम हजर आहे. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून लावतात तो यमदीप. नरकचतुर्दशीला स्नानानंतर यमाच्या चौदा नावांनी तर्पण सांगितलं आहे. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया, यम बहिणीच्या घरी, यमीकडे, जेवायला जातो तो दिवस. मधल्या पाडव्याला बळीराजा पाताळातून एक दिवस वर येतो आणि त्याच्या नावे घराघरांत आशीर्वाद मागितला जातो, इडापिडा टळावी म्हणून.

आणखी एक धागा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आश्विनातल्या चतुर्दशीला आणि अमावास्येला संध्याकाळी उल्कादान सांगितलं आहे. हातात पेटते पलिते घ्यायचे आणि पितरांना वाट दाखवायची. महालयात जे पितर आपल्या घरी जेवायला आले, ते दिवाळीत परत निघतात, त्यांना अंधारात ठेच लागू नये म्हणून हा उजेड. या चतुर्दशीला ‘भूता’ असंही म्हटलेलं आहे. बंगालमध्ये ती आजही भूतचतुर्दशी आहे, तिथे त्या दिवशी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. आपल्या घरावरचा आकाशकंदील याच कुळातला, उंचावर टांगलेला, लांबून दिसावा म्हणून.

म्हणजे जॅकचा सलगम आणि आपला कंदील यांच्या कामात एक मोठा फरक आहे. जॅकचा दिवा वाट हरवलेल्याच्या हातात आहे. आपला दिवा वाट दाखवणाऱ्याच्या घरावर आहे.

भय हाकलून लावण्याचीही आपली तऱ्हा आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतर नव्या केरसुणीनं घर झाडायचं, सूप वाजवत अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर काढायचं. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे भलेमोठे पुतळे जाळतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते आणि गावाची रोगराई, संकटं घेऊन जायला तिला ओरडून सांगतात. ही परंपरा तिथे सव्वाशेहून अधिक वर्षं चालू आहे. मुखवटे, आवाज, आग, मध्यरात्र. हॅलोविनला जे लागतं ते सगळं आपल्या अंगणात आधीच आहे.

दारोदार फिरणारी मुलंही आहेत. मराठवाड्याच्या खेड्यांत दिवाळीच्या दिवसांत गुराखी पोरं गवताची दिवटी वळून, तिच्यात दिवा ठेवून, गाईम्हशींना ओवाळत घरोघर जात. त्यांना तेल मिळे, खोबरं मिळे, एखादं नाणं मिळे. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जातात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. ओळखता आली नाही की सगळीकडे हशा. गोड खाऊ आणि थोडी फजिती, हा सौदा आपल्या लेकींनी केव्हाच केला होता.

एकाच शहरातले अनेक दिवे

संभाजीनगरचं वेगळेपण असं की इथे मृतांची आठवण अनेक भाषांत होते. शब-ए-बरातच्या रात्री कब्रस्तानांत दिवे लागतात, फातिहा होतो, घरी हलवा होतो. चंद्राच्या पंचांगामुळे ती रात्र ऋतूंतून फिरत राहते. खुलताबादला सूफी संतांचे उरूस भरतात. ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थ लग्नसोहळा, कारण संताचं जाणं म्हणजे प्रियकराला जाऊन मिळणं. २ नोव्हेंबरला इथली ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. कुणाच्या दिव्याला किती वात, यात फरक असेल. दिवा कुणासाठी, यात फरक नाही.

भीतीची मजा आणि भीतीचा धंदा

माणसाला घाबरायला आवडतं, यात लाजण्यासारखं काही नाही. दचकलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, हात गार पडतात. आणि पुढच्याच क्षणी ‘काही नाही, दादाच होता’ हे कळतं, तेव्हा तीच धडधड हसू होऊन बाहेर पडते. अट एकच, आपण सुरक्षित आहोत हे मनाच्या तळाशी ठाऊक असलं पाहिजे. लाइट गेल्यावर आजीच्या कुशीत ऐकलेली वेताळाची गोष्ट म्हणूनच गोड लागे. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारी वाटेत मुलांचा गलका म्हणूनच उठतो.

पण ती अट मोडली की भीतीचा धंदा सुरू होतो. अमावास्येच्या नावानं लुबाडणारे, एखाद्या विधवेला चेटकीण ठरवणारे, आजारी पोराला मांत्रिकाकडे नेऊन मारहाण करणारे यांच्याशी महाराष्ट्रानं दीर्घ लढा दिला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताची गोष्ट सांगणारा आणि भुताच्या नावानं पैसे उकळणारा यांतला फरक मुलांना लहानपणीच कळला पाहिजे. गोष्ट शेवटी उजेडात आणून सोडते. धंदा माणसाला अंधारातच ठेवतो.

म्हणून मुलांनी भोपळा पोखरून दिवा लावायचा हट्ट धरला तर लावू द्यावा. पोखरलेला गर फेकू नये, त्याचे घारगे करावेत, आणि ते तळता तळता या भोपळ्याचा मेक्सिकोपासून श्राद्धाच्या पानापर्यंतचा प्रवास सांगावा. सर्वपित्रीला ताट वाढताना एक ताट उपाशी माणसाच्या हाती जावं, नाथांच्या घरी गेलं तसं. आणि दिवाळीत गच्चीवर कंदील चढवताना घरातल्या सगळ्यात लहान मुलाला दोरी ओढू द्यावी. तो विचारेल, एवढा उंच कशाला? तेव्हा त्याला ज्यांनी पाहिलं नाही अशा पणजोबांचं, पणजीचं नाव सांगावं. सांगावं की ती पंधरा दिवस आपल्याकडे जेवायला आली होती, आता परत निघाली आहेत, वाट अंधाराची आहे. दोरी घट्ट धर.